प्रतिमा नेमकी कुठे पडते?

भुसावळ म्हटले की रेल्वे, केळी आणि ऊन या तीन गोष्टी चटकन आठवतात. याच गावातील जुन्या युरोपीय दफनभूमीत एप्रिल १८७९ मध्ये मेजर रॉबर्ट गिल या माणसाला मूठमाती देण्यात आली. अजिंठ्याच्या इतिहासात गिलचे नाव येते ते चित्रकार म्हणून. आम्हाला मात्र या लेखात त्याच्याकडे छायाचित्रकार म्हणून पाहायचे आहे. त्याच्या कामाच्या आधाराने एक साधा प्रश्न सोडवता येतो : जुन्या कॅमेऱ्याने काढलेले एक छायाचित्र रेखीव आणि दुसरे पुसट, असे का होते? 'भिंग चांगले होते' हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर भिंग मागेपुढे सरकवण्याच्या, म्हणजे फोकस करण्याच्या यंत्रणेत दडलेले असते.

आधी गिलची हकीकत थोडक्यात सांगतो. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये इंग्रज सैनिकांच्या नजरेस पडली. भित्तिचित्रे झपाट्याने खराब होत आहेत हे पुढे लक्षात आले, आणि त्यांच्या नकला करून ठेवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील गिलची नेमणूक केली. वर्षानुवर्षे अजिंठ्यास राहून त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे लागलेल्या आगीत मोजकी चित्रे सोडून बाकी सर्व जळाली. एका माणसाच्या आयुष्याची दोन दशके त्या आगीत गेली.

वाचली ती छायाचित्रे. १८५६ च्या सुमारास गिलने कॅमेरा हाती घेतला होता, आणि तोही साधा नव्हे, दोन भिंगांचा स्टिरिओस्कोपिक कॅमेरा. आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे तो थोड्या वेगळ्या जागांवरून एकाच वेळी दोन चित्रे घेतो. ती विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की खोली जाणवते. त्याच्या छायाचित्रांवर आधारलेली दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसन याने १८६४ मध्ये प्रसिद्ध केली. 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' या पुस्तकात ७४ छायाचित्रे आहेत. दुसऱ्यात पश्चिम भारतातील स्थापत्य आणि प्राणिजीवन यांची १०० स्टिरिओ चित्रे आहेत. १९ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे चित्र घ्या. कमानीवरची, बाजूच्या मूर्तींवरची नक्षी त्यात वाचता येते. हे काम ज्या साधनांनी झाले ती आज कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत उभी करता येतील इतकी साधी होती.

दुधी काच आणि काळे कापड

बहिर्वक्र भिंगाचा नियम आपण नववी-दहावीत शिकवतो. वस्तू जवळ आली की प्रतिमा भिंगापासून दूर जाते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घेऊ. फार दूरच्या डोंगराची प्रतिमा भिंगामागे ५० मिमीवर पडते. १० मीटरवरच्या माणसाची ५०.२५ मिमीवर आणि १ मीटरवरच्या माणसाची ५२.६ मिमीवर पडते. म्हणजे डोंगरापासून हातभर अंतरावरच्या चेहऱ्यापर्यंतचा सारा पसारा अडीच-पावणेतीन मिलिमीटरांत मावतो. फोकसची यंत्रणा हे भिंग एवढ्याशा जागेत नेमके सरकवते. पण त्याहून अवघड काम वेगळेच आहे. प्रतिमा कुठे पडते ते छायाचित्रकाराला कळायचे कसे? फिल्म किंवा काच तर अंधाऱ्या पेटीत बंद असते.

गिलच्या काळातले उत्तर सरळ होते. प्रकाशसंवेदी काच जिथे बसायची नेमक्या त्याच जागी आधी एक दुधी काच बसवायची. डोक्यावर काळे कापड ओढून तिच्यावर पडलेली उलटी प्रतिमा पाहायची, हवे तर हातातल्या भिंगाने मोठी करून पाहायची. दट्ट्या फिरवून ती रेखीव करायची, स्क्रू आवळायचा. मग दुधी काच काढून तिच्या जागी संवेदी काच सरकवायची. डोळा जिथे पाहतो तिथेच चित्र उमटते. तत्त्व म्हणून याहून प्रामाणिक पद्धत पुढच्या दीडशे वर्षांत कुणी काढली नाही, असे आम्हाला वाटते.

अडचण होती ती वेळेची. ती पद्धत ओल्या कलोडियनची होती. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कलोडियन काचेवर ओतायचे, काच चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायचे. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते आणि खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा इथे ही मुदत आणखी कमी. म्हणून आधी फोकस करून मग तंबूत जाऊन काच तयार करायची, आणि परत येईपर्यंत कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही, असा क्रम असे. फोकसचा स्क्रू घट्ट असणे ही तेव्हा चैन नव्हती.

आणि लेण्याच्या आत? भुसावळ, जामनेर, पहूर, फर्दापूर या वाटेने शाळेची सहल घेऊन जे शिक्षक अजिंठ्याला गेले असतील त्यांना तिथला अंधार माहीत आहे. दुधी काचेवर आधीच फिकट असलेली प्रतिमा त्या अंधारात दिसेनाशी होते. अशा वेळी जुने छायाचित्रकार ज्या अंतरावर फोकस हवा तिथे जळती मेणबत्ती ठेवत, तिची ज्योत रेखीव करत आणि मग मेणबत्ती उचलून घेत. शिक्षकांनी हा उपाय वर्गात जरूर करून पाहावा.

डोळ्याचा फोकस, काचेचा फोकस

इथे एक गोम आहे. दुधी काचेवर प्रतिमा अगदी रेखीव, कॅमेरा हललेला नाही, तरी धुतलेले चित्र पुसट, असा अनुभव छायाचित्रणाच्या पहिल्या काही वर्षांत अनेकांना आला. कारण असे की आपला डोळा सर्वांत जास्त पाहतो पिवळा-हिरवा प्रकाश, आणि त्या काळची काच 'पाहत' असे फक्त निळा-जांभळा. साधे एकेरी भिंग निळ्या किरणांना जास्त वाकवते, त्यामुळे निळी प्रतिमा भिंगाच्या थोडी जवळ पडते. डोळा एका जागी फोकस करतो, काचेचा फोकस दुसऱ्या जागी असतो. त्याला तेव्हा 'रासायनिक फोकस' म्हणत. हा फरक नाभीय अंतराच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका भरतो. १२५ मिमीच्या एकेरी भिंगात तो तीन मिमी झाला. छिद्र मोठे असेल तर एवढ्याने चेहरा ओळखू येणार नाही.

लंडनमध्ये स्थायिक झालेला फ्रेंच छायाचित्रकार अँतोआन क्लोदे याने १८४० च्या दशकात याचा छडा लावला. त्याने केलेले साधन गमतीचे आहे. आकडे लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे त्याने एकामागे एक ठराविक अंतरांवर पंख्यासारखे लावले. मधल्या आकड्यावर डोळ्याने फोकस करून चित्र घेतले, आणि चित्रात कोणता आकडा सर्वांत रेखीव आला ते पाहिले. मधल्याऐवजी दुसराच आकडा रेखीव आला की त्या भिंगाची चूक किती आणि कोणत्या दिशेने ते कळे. पुढे भिंगे करणाऱ्यांनी दोन प्रकारच्या काचा जोडून पिवळा आणि निळा प्रकाश एकाच जागी आणला आणि हा त्रास बव्हंशी संपला.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. २० सेंमी नाभीय अंतराचे मोठे भिंग घ्या. ४० सेंमीवर दिव्यापुढे जाळी किंवा अक्षर कापलेला पुठ्ठा ठेवा. दिव्यावर आधी लाल आणि मग गडद निळा जिलेटिन कागद धरा, आणि दोन्ही वेळी पडदा सरकवून प्रतिमा रेखीव करा. पडद्याच्या दोन जागांत सेंटिमीटरभराच्या आसपास फरक मिळावा. ज्यांच्या घरी जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे भिंग असेल त्यांनी अंतराच्या पट्टीजवळ लाल ठिपका किंवा 'आर' हे अक्षर आहे का ते पाहावे. ती खूण अवरक्त फिल्मसाठी असे. डोळ्याने फोकस करून मग पट्टी त्या खुणेवर आणायची. क्लोदेचाच प्रश्न, वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला.

गिलच्या छायाचित्रांचे मोल ठरवताना याच गोष्टीचे भान ठेवावे लागते. दगडाच्या बाबतीत ती भरवशाची आहेत. दुधी काचेवरचा फोकस, लहान छिद्र, आणि मोठे न करता निगेटिव्हला कागद चिकटवून काढलेली प्रत, तेव्हा चूक राहिली तरी फुगत नाही. भित्तिचित्रांच्या बाबतीत मात्र ती तैलनकलांची जागा घेऊ शकत नाहीत. लाल-पिवळ्या मातीच्या रंगांना आंधळी असलेली ती काच अजिंठ्याच्या भिंतीवर बहुतेक काळेच पाहणार, मग फोकस कितीही बिनचूक असो. आगीत काय गेले ते यावरून कळते.

मुंबईत याच सुमारास, १८५४ मध्ये, छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. म्हणजे काळ्या कापडाखालची ही विद्या आपल्याकडे तिच्या बाल्यावस्थेतच पोहोचली होती.

शाळेचा ग्रुप फोटो

दुधी काचेचा कॅमेरा गावोगावच्या स्टुडिओंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. सागवानी चौकट, पितळी पट्ट्या, चामड्याचा किंवा कापडी भाता. आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी बनवलेले 'वागीश्वरी' कॅमेरे देशभर गेले. शाळेच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेला जुना ग्रुप फोटो अशाच कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता मोठी. तो खाली उतरवून बारकाईने पाहा.

मधे खुर्च्यांवर गुरुजी, पुढे जमिनीवर लहान मुले, मागे बाकांवर उभी मोठी मुले. रांगा सरळ नसून किंचित कमानदार असतात, टोकांची मुले थोडी पुढे. छायाचित्रकार हे उगाच करत नसे. साध्या भिंगाची प्रतिमा सपाट पृष्ठावर पडत नाही, वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते. टोकांची मुले कॅमेऱ्याकडे वाकवून घेतली की प्रतिमेची ती वाटी काचेवर सपाट होते. भूमितीचा हा उपाय मुलांना उभे करण्यातच उरकलेला असे.

दुसरी गोष्ट खोलीची. २१० मिमीचे भिंग, मधली रांग ७ मीटरवर. छिद्र एफ/६.३ ठेवले आणि काचेवर एक दशांश मिमीपर्यंतचा पसरटपणा चालवून घेतला, तर सुमारे ६.४ मीटरपासून ७.८ मीटरपर्यंतच्या रांगा रेखीव येतील. जेमतेम दीड मीटर. तेच छिद्र एफ/२२ केले तर ५.२ पासून १०.८ मीटरपर्यंत सारे रेखीव. पण प्रकाश बाराव्या हिश्श्याइतका उरतो, म्हणून सेकंदभर किंवा अधिक वेळ सर्वांनी स्तब्ध राहायचे. तुमच्या फोटोत मागची रांग पुसट आणि पुढची रेखीव असेल, तर फोकस पुढे झाला किंवा छिद्र मोठे राहिले. सर्व रांगा रेखीव आणि एकाच मुलाला दोन नाके असतील, तर दोष त्या मुलाचा. सगळेच एका दिशेने पसरले असतील तर कॅमेरा हलला. आणि डावी बाजू रेखीव, उजवी पुसट, असे असेल तर भात्याची पुढची चौकट मागच्या चौकटीला समांतर नव्हती. चौथा प्रकार घडीच्या कॅमेऱ्यांत फार आढळतो.

अंदाजाचे युग

१८८८ मध्ये अमेरिकेत ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला आणि फोकस हा विषयच गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतला. भिंग एका जागी पक्के. दुधी काच नाही, दट्ट्या नाही. युक्ती अशी की भिंग लहान छिद्राचे घ्यायचे आणि ते अशा अंतरावर फोकस करून ठेवायचे की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सारे 'चालण्याजोगे' रेखीव यावे. ७२ मिमीचे भिंग, छिद्र एफ/११ असेल तर हे अंतर सुमारे पावणेपाच मीटर. म्हणजे सुमारे अडीच मीटरांपासून पुढे सर्व ठीक. आपल्याकडे घरोघरी दिसणारा आग्फाचा क्लिक थ्री याच घराण्यातला. त्याने काढलेली लग्नाची, बारशाची, देवदर्शनाची छायाचित्रे आजही अल्बमांत आहेत, आणि हौसेने बाळाजवळ जाऊन काढलेले प्रत्येक चित्र पुसट आहे. दोष काढणाऱ्याचा नव्हे, त्या पक्क्या भिंगाचा. अशा काही कॅमेऱ्यांत फिल्म मुद्दाम वक्र मार्गावरून नेलेली असे. ग्रुप फोटोत मुलांना वाकवले, इथे फिल्मलाच वाकवले.

त्यावरची पायरी अंतराच्या पट्टीची. भिंगाभोवतीच्या कड्यावर मीटर किंवा फूट कोरलेले. एक माणूस, चार माणसे, डोंगर अशी चित्रे काढलेली असत ती कडीही याच जातीची. अंतर आपण नजरेने अजमावायचे. स्वस्त कॅमेऱ्यांत या कड्याने सबंध भिंगसंच सरकत नसे, फक्त पुढची काच फिरे. तीन-चार काचांच्या भिंगात पुढची काच थोडी दूर गेली की साऱ्या संचाचे नाभीय अंतर बदलते आणि फोकस जवळ येतो. करायला सोपे आणि स्वस्त. पण भिंग घडवणाऱ्याने काचांमधली अंतरे दोष एकमेकांना मारून टाकतील अशी बेतलेली असतात. ती बदलली की हिशेब बिघडतो. म्हणून अशा कॅमेऱ्यात दूरचे दृश्य छान येते, पण मीटरभरावरच्या चेहऱ्यावर कडांना मऊपणा येतो. फोकस बिनचूक असूनही! सबंध भिंग सर्पिल आट्यांवर पुढे नेणारे कॅमेरे महाग का होते ते इथे कळते.

लहान फिल्म, मोठी चूक

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि २४ × ३६ मिमीची इवलीशी निगेटिव्ह रूढ झाली. आता प्रत दहापट मोठी करावी लागे, आणि चूकही दहापट मोठी होई. भिंगाचे छिद्र एफ/२ असताना फोकस एक दशांश मिमीने चुकला तर निगेटिव्हवर ठिपक्याचा ०.०५ मिमीचा टिकला होतो, आणि प्रतीवर अर्ध्या मिमीचा. एफ/१६ ला तोच टिकला आठव्या हिश्श्याचा, दिसतही नाही. म्हणजे भिंगे जसजशी 'वेगवान' झाली तसतसा अंदाज पुरेनासा झाला.

यावर तीन तोडगे निघाले. पहिला त्रिकोणाचा. दोन लहान खिडक्यांतून एकच वस्तू पाहायची, एका खिडकीमागचा आरसा फिरवून दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, आणि तो आरसा भिंगाच्या कड्याला जोडून द्यायचा. १९३२ च्या लायकात हे आले. सर्वेक्षणातले त्रिकोणमापनच हे, फक्त पाया चार सेंटिमीटरांहून कमी. लहान भिंगांना उत्तम. लांब पल्ल्याच्या भिंगांना एवढासा पाया पुरत नाही. शिवाय आरसा धक्क्याने केसभर फिरला तर डोळ्याला सारे जुळलेले दिसते आणि फिल्मवर सारे चुकते. डोळा आणि फिल्म यांची फारकत झाल्याची ही किंमत.

दुसरा तोडगा जुळ्या भिंगांचा. १९२९ च्या रोलायफ्लेक्सने वरच्या भिंगाची प्रतिमा आरशातून दुधी काचेवर आणली आणि खालच्या भिंगाने चित्र घेतले. दोन्ही एकाच पाटीवर, बरोबरच पुढे-मागे होणारी. गिलच्या दोन भिंगांसारखीच इथेही अट अशी की दोघांचे नाभीय अंतर तंतोतंत सारखे हवे. होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्सने केलेले काम प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या लग्नांत याच जातीचे याशिका कॅमेरे छातीशी धरून खाली मान घातलेले छायाचित्रकार अनेकांना आठवत असतील. फार जवळच्या वस्तूंसाठी मात्र दोन भिंगांच्या नजरांतला फरक डोके कापून टाकी.

तिसरा तोडगा एकाच भिंगाचा. मधे आरसा, तो प्रतिमा वर दुधी काचेवर पाठवतो आणि बटण दाबताच बाजूला होतो. १९३६ चा एग्झाक्टा, १९५९ चा निकॉन एफ ही त्यातली ठळक नावे. दुधी काचेचा प्रामाणिकपणा इथे परत आला, पण एका अटीवर : भिंगापासून आरशामार्गे दुधी काचेपर्यंतचे अंतर आणि भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर केसभरही वेगळे असता कामा नये. त्यातच आणखी एक बारकावा. पाहताना छिद्र पूर्ण उघडे असते, चित्र घेताना ते लहान होते. ज्या भिंगात गोलीय दोष उरलेला असतो त्याचा फोकस छिद्र लहान करताच थोडा सरकतो. म्हणून जुनी जाणती मंडळी अशा भिंगाने छिद्र लहान करूनच अखेरचा फोकस तपासत, अंधार सोसून.

१९७७ च्या कोनिकापासून आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून हे काम मोटार करू लागली. तिथून पुढची गोष्ट वेगळी आहे.

गिलला न साधलेले भित्तिचित्रांचे काम करायला सर्व रंग पाहणाऱ्या फिल्मची वाट पाहावी लागली. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरचे रंगीत छायाचित्रांचे खंड १९३० पासून निघू लागले, तर १९९१ मध्ये बिनॉय बेहल यांनी भिंतींवर झोत न टाकता, लेण्यातल्या मंद उजेडातच दीर्घकाळ भिंग उघडे ठेवून चित्रे घेतली. एवढ्या कमी उजेडात फोकस कुठे आहे हे पाहणे त्यांच्या काळीही तितकेच कष्टाचे होते.